मक्याची पोळी सोडावी का? (कोथरूडमधली आमची मेक्सिकन गाडी)

मिरचीदेठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेले चौदा महिने कोथरूडमध्ये आम्ही घरचे चौघे मिळून मेक्सिकन खाद्यपदार्थांची गाडी चालवत आहोत. यजमान चाकणच्या एका कारखान्यात वाहनांच्या सुट्या भागांचे काम पाहत होते आणि कंपनीच्या कामानिमित्त आम्ही दोन वर्षे मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात राहिलो होतो. परत आल्यावर वर्षभरात ती नोकरी गेली, आणि तिथे शेजारच्या आजींकडून शिकलेला टाको, म्हणजे सारण घालून दुमडलेली छोटी पोळी, उपजीविकेच्या कामी आला. गाडी संध्याकाळी सहा ते साडेदहा असते आणि सोमवारी बंद असते. तीन लहान टाकोंची प्लेट १२० रुपयांना आहे, आणि सारणात काळा घेवडा, मशरूम व चिकन असे तीनच प्रकार आहेत. मांसाहारासाठी तवा, उलथणे आणि फडके वेगळे ठेवले आहे, कारण पुण्यात पहिला प्रश्न चवीचा नसून तव्याचा असतो.

आता अडचण सांगते. टाकोची पोळी आम्ही मैद्याची वापरत नाही. सुका मका खाण्याच्या चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजवून, धुऊन, वाटून त्याच्या पिठाच्या पोळ्या करतो. हे काम माझ्या अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई पहाटे पाचला उठून करतात. मुलगा महाविद्यालयात शिकतो आणि गल्ला सांभाळतो. त्याचे म्हणणे असे की निम्म्या गिऱ्हाइकांना ही पोळी म्हणजे छोटी भाकरी वाटते, काहींना चुन्याचा वास येतो, आणि शेजारच्या गाडीवर पिवळ्या चीजने माखलेले नाचोज, म्हणजे मक्याच्या पोळीचे तळलेले तुकडे, हातोहात जातात. तेव्हा मैद्याच्या तयार पोळ्या, कुरकुरीत टाको आणि नाचोज सुरू करावेत, म्हणजे आजीलाही विश्रांती मिळेल. यजमान आणि मी याला तयार नाही. घरात दोन महिने हाच वाद चालू आहे. आपल्याला काय वाटते?

तवा_तापला

ज्याला भाकरी वाटते त्याला ती भाकरीच आहे असे सांगून टाका आणि वर पाच रुपये जास्त घ्या. पुण्यात हल्ली भाकरीला फार भाव आला आहे.

चुनखडी

मी व्यवसायाने रसायनशास्त्राचा शिक्षक आहे, त्यामुळे माझा कल कुठे असणार हे उघड आहे, तरीही लिहितो. मका चुन्यात शिजवण्याच्या या पद्धतीला निक्स्तमलीकरण म्हणतात. मूळ शब्द मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या नाहुआत्ल भाषेतला असून त्यात राख आणि मक्याचे शिजवलेले पीठ असे दोन अर्थ जोडलेले आहेत. अल्कधर्मी पाण्यामुळे दाण्यावरचे टरफल सुटते आणि पिठाला असा चिकटपणा येतो की पोळी दाबली तरी कडा फाटत नाहीत. साध्या मक्याच्या पिठाची भाकरी ज्यांनी थापून पाहिली आहे, त्यांना हा फरक किती मोठा आहे ते कळेल. ते पीठ उकड काढल्याशिवाय हाताला दाद देत नाही.

दुसरी बाब आरोग्याची आहे. मक्यातले नायसिन, म्हणजे ब३ जीवनसत्त्व, अशा रूपात बांधलेले असते की ते शरीराला सहज मिळत नाही. चुन्यामुळे ते मोकळे होते. मका अमेरिका खंडातून युरोपात गेला, पण ही पद्धत त्याच्याबरोबर गेली नाही, आणि इटली व स्पेनमध्ये मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा रोग जडला. पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागातही तेच झाले. आपल्याकडे दख्खनमध्ये ज्वारीवर राहणाऱ्या लोकांतही पेलाग्रा आढळत असे, आणि पोषणशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादला त्यावर महत्त्वाचे संशोधन केले. त्यामुळे तुमच्या सासूबाई पहाटे जे करतात त्याला 'हौस' म्हणू नये, अशी तुमच्या चिरंजीवांना विनंती.

चुन्याचा वास येतो, तो बहुधा धुण्यात कसर राहिल्याने येत असावा. चुना मक्याच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास पुरतो, आणि भिजवलेले दाणे दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवावेत.

गाडीवान_७२

चुनखडी सरांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु गाडीसमोर उभ्या असलेल्या माणसाला पेलाग्रा झालेला नसून भूक लागलेली असते. मी अकरा वर्षे वडापावची आणि नंतर चार वर्षे चायनीजची गाडी चालवली आहे. अनुभवाने सांगतो की गाडीचा धंदा साडेसात ते नऊ या दीड तासात होतो. त्या दीड तासात ज्याच्या हातून प्लेट लवकर सुटते तो टिकतो, आणि बाकीच्या वेळात आपण फक्त दिवा जाळत असतो. तुमच्या तव्यावर एका वेळी किती पोळ्या बसतात आणि एका पोळीला किती वेळ लागतो, हे आधी सांगा. अस्सलपणाची चर्चा त्यानंतर करू.

आणि एक प्रश्न थोडा बोचरा आहे, तरी विचारतो. तुमच्या हिशेबाच्या वहीत सासूबाईंचा पगार किती लिहिलेला आहे?

मिरचीदेठ

तव्यावर सहा पोळ्या बसतात आणि एका घाण्याला दीड-दोन मिनिटे लागतात. त्यामुळे थोड्या आधी भाजून ठेवतो.

पगाराच्या प्रश्नाचे उत्तर 'शून्य' असे आहे. माझा पगारही शून्य आणि यजमानांचाही शून्यच. महिन्याला जे उरते ते घरात येते, एवढाच आमचा हिशेब. आपला प्रश्न वाचल्यावर मी जेवताना फारशी बोलले नाही.

मुठेकाठचा

मला 'अस्सल' या शब्दाचीच गंमत वाटते. शेजारच्या गाडीवरच्या नाचोजना येथे सगळे नाक मुरडत आहेत, पण तो पदार्थ मेक्सिकोतच जन्मला आहे. अमेरिकेच्या सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास या गावात इग्नासिओ आनाया नावाच्या उपाहारगृहातल्या गृहस्थांनी १९४० च्या दशकात, स्वयंपाकी जागेवर नसताना आलेल्या पाहुण्यांसाठी, हाताशी होते त्यातून तो बनवला. इग्नासिओचे लाडके रूप 'नाचो', म्हणून नाचोज. घाईत, उरल्यासुरल्यातून आणि गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून केलेला हा पदार्थ आहे. याहून अधिक गाडीछाप काय असू शकते?

दुसरे उदाहरण धागाकर्तीच्या पुएब्लाचेच आहे. तिथे लेबनॉन आणि आसपासच्या प्रदेशांतून आलेल्या लोकांनी उभ्या सळीवर मांस भाजण्याची आपली पद्धत नेली. त्यातून 'अरबी टाको' आले आणि पुढे डुकराचे मांस, मिरचीचे वाटण आणि अननस घेऊन 'अल पास्तोर' तयार झाला. आज त्याला कोणी परका म्हणत नाही. मग मैद्याच्या पोळीने असे काय पाप केले आहे? मेक्सिकोच्या उत्तर भागात गव्हाच्याच पोळ्या खातात.

मिरचीदेठ

मुठेकाठचा, आपले म्हणणे खरे आहे. अरबी टाकोची पोळीही गव्हाचीच असते आणि आम्ही ती तिथे आवडीने खाल्ली आहे. आमचा विरोध गव्हाला नाही. पाकिटातून काढलेली थंड, चिवट पोळी तव्यावर नुसती दाखवून द्यायची, याला आहे. उद्या गव्हाची पोळी करायची ठरलीच तर ती घरीच लाटू, पण मग गिऱ्हाईक म्हणेल की ही तर आमच्या आईची पोळी आहे. भाकरीपासून सुटून पोळीत अडकायचे!

वऱ्हाडी_ठेचा

अवांतर आहे, पण मक्यावरचे आहे म्हणून लिहितो. मेक्सिको आणि मका म्हटले की आम्हा विदर्भातल्या लोकांना वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आठवतात. गदर चळवळीतला हा क्रांतिकारक पुढे मेक्सिकोत पोहोचला, चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवू लागला आणि तिथे त्याने मक्याच्या वाणांवर काम केले. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराने मेक्सिको शहरातल्या शिक्षण खात्याच्या इमारतीत काढलेल्या भित्तिचित्रात खानखोज्यांना स्थान दिले आहे, आणि त्या चित्राचा विषय काय, तर रोजची भाकरी! मक्याची पोळी ही परकी वस्तू आहे असे कोणी मराठी गिऱ्हाईक म्हणाले, तर त्याला ही गोष्ट सांगा आणि सोबत एक प्लेट द्या.

तवा_तापला

गोष्ट सांगेपर्यंत प्लेट थंड होईल. गाडीवान काका आधीच घड्याळ लावून बसले आहेत.

कलम_पाच

गाडी कोणत्या जागेवर उभी असते हे धागाकर्तीने लिहिलेले नाही, आणि माझ्या मते पोळीपेक्षा ती बाब अधिक महत्त्वाची आहे. सार्वजनिक रस्त्यावर असेल तर २०१४ चा पथविक्रेता कायदा लागू होतो. त्यात नगर पथविक्रेता समिती असते आणि तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडायचे असतात, हे फार जणांना माहीत नसते. विक्री प्रमाणपत्र घेताना विक्रेत्याला हमी द्यावी लागते की तो व्यवसाय स्वतः किंवा कुटुंबीयांमार्फत करील, त्याला उपजीविकेचे दुसरे साधन नाही, आणि प्रमाणपत्र तो भाड्याने देणार नाही. तुमच्यासारख्या घरच्या गाडीला कुटुंबीयांची तरतूद सोयीची आहे, पण घरातल्या कोणी पुढे नोकरी धरून गाडी जोडधंदा म्हणून ठेवायची म्हटले, तर हमीतला दुसरा मुद्दा आड येऊ शकतो.

शिवाय ६० प्लेट दिवसाला धरल्या, १२० रुपयांनी आणि महिन्याचे २६ दिवस, तर वर्षाची उलाढाल साडेबावीस लाखांच्या घरात जाते. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाखांची आहे. याकडे लक्ष आहे ना?

मिरचीदेठ

आपण ६० प्लेटचा आकडा कुठून आणलात ते कळले नाही, परंतु शनिवार-रविवारसाठी तो नेमका बरोबर आहे! इतर चार दिवशी ३५ ते ४० प्लेट जातात. त्यामुळे वर्षाचे सुमारे १७ लाख होतात आणि आम्ही मर्यादेच्या आत आहोत. अन्नसुरक्षेची नोंदणी केलेली आहे आणि सिलिंडर व्यावसायिक, १९ किलोचाच आहे. गाडी एका बंद दुकानासमोर मालकाला भाडे देऊन उभी करतो.

कलम_पाच

आकडा मी तुमच्या शेजारच्या इमारतीच्या खिडकीतून मोजला, असे समजा. जागेबद्दल मात्र सावध राहा. दुकानासमोरची ती जागा इमारतीच्या फ्रंट मार्जिनमध्ये, म्हणजे समोर मोकळी सोडायच्या जागेत, येत असेल, तर मालकाला भाडे दिले म्हणजे सगळे झाले असे होत नाही. मंजूर नकाशा एकदा पाहून घ्या.

गाडीवान_७२

या मुद्द्यावर मी पोळलेलो आहे. माझी चायनीजची गाडी अशीच मालकाच्या शब्दावर उभी होती. एका सकाळी ती जागेवर नव्हती. सोडवून आणली तेव्हा शेगडीची नळी आणि दोन पातेली गेली होती, आणि दंडापेक्षा मला पंधरा दिवस बुडाल्याचे दुःख अधिक झाले. तेव्हापासून रोज रात्री शेगडी आणि भांडी घरी नेण्याची सवय लागली. तुम्हीही नेत असालच, पण वाटण्याचे जड यंत्र कधी गाडीवर ठेवू नका.

रसभरी

मी मागच्या शनिवारी मुद्दाम जाऊन खाऊन आले. काळ्या घेवड्याचे सारण उत्तम आहे आणि हिरवी चटणी तर मी दोनदा मागून घेतली. मात्र एक तक्रार आहे. पहिल्या प्लेटमधली पोळी मऊ होती, आणि अर्ध्या तासाने घेतलेल्या दुसऱ्या प्लेटमधली कडेला वाळून चिरली होती. मुलाची जी तक्रार आहे की लोकांना ती भाकरी वाटते, ती मला वाटते या दुसऱ्या पोळीबद्दल असावी. आपण गरम भाकरी दुरडीत फडक्यात गुंडाळून ठेवतो, उघडी ताटात रचत नाही. तुम्ही ती स्टीलच्या ताटात ठेवली होती.

हिरव्या चटणीत नेमके काय घालता? तिकडे वापरतात ते टोमाटिल्लो इथे मिळत नसावे.

मिरचीदेठ

रसभरी, आपली तक्रार मान्य आहे. पुएब्लातही जाड कापड घातलेली झाकणाची टोपलीच वापरत. इथे गर्दीत हात अडतो म्हणून आम्ही ताट आणले आणि तिथेच चुकलो. टोपली आजच काढते.

चटणीबद्दल सांगायचे तर आपले टोपणनावच त्याचे उत्तर आहे. टोमाटिल्लो आणि आपली रसभरी एकाच कुळातल्या, दोघींनाही ते कागदासारखे आवरण असते. पण रसभरी गोड पडते आणि वर्षभर मिळत नाही. म्हणून मी कच्चे हिरवे टोमॅटो तव्यावर डाग पडेपर्यंत भाजते, त्यात भाजलेली लवंगी मिरची, कांदा, कोथिंबीर आणि लिंबू घालून खलात ओबडधोबड कुटते. मिक्सरमध्ये फिरवले की तिचे सूप होते.

मुठेकाठचा

आता माझीच बाजू मी थोडी मोडतो. मेक्सिको शहरातल्या 'एल कलिफा दे लेओन' या १९६८ पासूनच्या टाकोच्या ठेल्याला २०२४ मध्ये मिशेलिन तारा, म्हणजे उपाहारगृहांसाठीचा मोठा मान, मिळाला. जागा एखाद्या लहान खोलीएवढी आहे आणि टाकोचे प्रकार अवघे चार आहेत. यावरून तुम्ही ताऱ्याची वाट पाहावी असे मला म्हणायचे नाही, पण मुलाला जे नवे पदार्थ जोडायचे आहेत त्यांची गरज आहे का, हे तपासावे. नाचोज ठेवायचेच असतील तर उरलेल्या मक्याच्या पोळ्यांचे तुकडे तळून करा. तिकडेही शिळ्या पोळीची हीच गत करतात. आपल्या फोडणीच्या पोळीची ती चुलत बहीणच आहे.

सिंहगडवाला

पावसाळ्यात तुम्ही कणसे का विकत नाही? मेक्सिकोतही रस्त्यावर कणीस खातात. आपण लिंबू, तिखट आणि मीठ चोळतो, आणि ते त्यावर मेयोनेज व किसलेले चीज घालतात. गडावर पावसात उभे राहून आपण नकळत मेक्सिकन खाद्यसंस्कृतीच जपत आलो आहोत. मका त्यांचा आणि मिरचीही त्यांचीच. लिंबू मात्र त्यांनी बाहेरून घेतले आहे.

ग्राइंडर_मावशी

माझा डोशाच्या पिठाचा व्यवसाय आहे. पहाटे पाचचे काम वाटण्याचे असेल तर ते टिल्टिंग ग्राइंडरने होऊ शकेल. मात्र दाणे नीट निथळून घ्या आणि पाणी चमच्याने घाला, कारण त्याला डोशासारखे सैल पीठ करण्याची खोड असते. पोळी दाबायला पुरीचा दाब आणि मधे प्लास्टिकचा कागद पुरेल. हे दोन्ही केले तर आजींच्या हाताला फक्त पीठ पाहण्याचे काम राहील. तेच काम यंत्राला येत नाही.

मिरचीदेठ

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, त्याबद्दल क्षमस्व. मधल्या काळात बरेच घडले.

प्रथम गाडीवान काकांच्या प्रश्नाचा हिशेब मांडला. शनिवारी ३ किलो मका लागतो आणि त्याच्या साधारण १८० पोळ्या होतात. मका, चुना आणि गॅस धरून एक पोळी रुपयाच्या आत पडते. सासूबाईंचे अडीच तास आणि माझा दीड तास, असे चार तास शंभर रुपयांनी मोजले तर पोळीमागे आणखी सव्वादोन रुपये होतात. म्हणजे एकूण सव्वातीन. मैद्याची त्याच मापाची तयार पोळी आम्हाला आठ रुपयांना पडत होती. मुलाने हा हिशेब स्वतः दोनदा केला आणि मग तो काही बोलला नाही. आडवारी मका कमी लागतो पण वेळ तेवढाच जातो, त्यामुळे त्या दिवशी पोळी साडेचारच्या आसपास जाते. तरीही ती स्वस्तच आहे.

परंतु त्याच आठवड्यात सासूबाईंना ताप आला. चार दिवस मी एकटीने पीठ केले. पहिल्या दिवशी दाणे जास्त शिजले आणि पीठ दाबाला चिकटून बसले. दुसऱ्या दिवशी गाडी लावलीच नाही. स्वस्त पोळीचा सगळा हिशेब एका माणसाच्या हातावर उभा आहे, हे तेव्हा लख्ख दिसले. कपाटात तयार पोळ्यांचे एक पाकीट असते तर ती संध्याकाळ बुडाली नसती, हे मुलाचे म्हणणे मी मान्य केले.

आता ग्राइंडर घेतला आहे, जुना, दहा लिटरचा, आणि तो घरीच ठेवला आहे. जवळच्या पोळी-भाजी केंद्रात भाकऱ्या करणाऱ्या एक ताई सकाळी दोन तास येतात. सासूबाई त्यांना दाणा बोटांत चिरडून कधी थांबायचे ते शिकवत आहेत. टोपली आणल्यापासून वाळलेल्या पोळीची तक्रार एकदाच आली. उरलेल्या पोळ्यांचे नाचोज मुलगा तळतो आणि ते ८० रुपयांना जातात. चीज पिवळे नाही, यावरून दोन गिऱ्हाइकांनी वाद घातला.

गाडीवान_७२

हिशेब वाचून बरे वाटले. त्या ताईंना महिन्याला ठरलेले पैसे देत असाल. सासूबाईंचे काय झाले?

मिरचीदेठ

त्यांना मी वहीतला त्यांच्या नावाचा रकाना दाखवला. त्या म्हणाल्या की चौदा महिन्यांची थकबाकी राहू दे, पण या महिन्यापासून पगार हातात द्या, आणि गुरुवारी मी येणार नाही, कारण गुरुवारी आमचे भजनी मंडळ असते.

तवा_तापला

म्हणजे गुरुवारी टाको बंद?

मिरचीदेठ

गुरुवारी ताई पीठ करणार आहेत. आपण या आणि पोळी कशी झाली ते इथे लिहा. सासूबाई हा धागा वाचतात.